बायकोची पाच पुस्तकं

बाळ गेलं तेव्हा बायकोला सातवा महिना चालू होता. गंगाखेडहून परभणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. घरी आल्यावर ती आठ दिवस रडली. नवव्या दिवशी तिनं पेटीतून आपली पुस्तकं काढली आणि खिडकीपाशी वाचत बसली.

एकाच लेखिकेची पाच पुस्तकं होती ती. लग्नाआधीपासून तिची आवडती. मी कॉलेजात क्लार्क, पण गोष्टीचं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. तिच्या या पुस्तकांत जादू असते एवढं तिच्या बोलण्यातून कळलेलं. राजा-राक्षसाची नाही, आजच्या काळातली. धरणात बुडालेल्या गावाचं तिकीट देणारा कंडक्टर, वारलेल्या आईचा फोन येणारी नर्स, अशी माणसं.

पाचवं संपलं की ती पुन्हा पहिलं उघडायची. ताट समोर ठेवलं तर दोन घास. काही विचारलं तर "हं". चार महिने असेच गेले. मी समजावून थकलो. तिच्या माहेरचे येऊन समजावून गेले. शेवटी माझी आई म्हणाली, "त्या पुस्तकानंच डोकं फिरायलंय तिचं. काढ ती घरातून."

मला दुसरं काही सुचत नव्हतं. एका सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा पाचही पुस्तकं पिशवीत घातली आणि कॉलेजात माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली. वाटलं, चिडेल, भांडेल, निदान तोंड तरी उघडेल.

तिनं विचारलंसुद्धा नाही. खिडकीपाशी तशीच बसून राहिली, रिकाम्या मांडीवर हात ठेवून. आता दोन घासही बंद झाले. मी कबूल करायला तोंड उघडायचो आणि भाजी आणू का, असलं काहीतरी विचारायचो.

चौथ्या दिवशी कॉलेजातून आलो तर ती घरात नव्हती. "देवळात जाते म्हणाली," आई सांगू लागली, "पण लय वेळ झाला रे." मी चप्पल न घालताच निघालो. देवळात ती नव्हती. तिथून गोदावरीच्या घाटाकडं पळालो. वाटेत ओळखीच्या कुणीतरी हाक मारली, मी थांबलो नाही.

ती खालच्या पायरीवर होती. पाय पाण्यात. मी तिचा दंड इतका घट्ट धरला की तिला दुखलं असणार. तिनं सोडवून घेतला नाही.

"पुस्तकं मी नेली," मी म्हणालो. "कॉलेजात हायेत."

"माहीत हाय."

"मग मागितली का न्हाईस?"

ती पाण्याकडं बघत म्हणाली, "तुमी सगळे म्हणता, विसर. त्या पुस्तकांत कुणीच तसं म्हणत न्हाई. तिथं गेलेल्या माणसाला जायला एक जागा असते."

चार महिन्यांत ती एवढं पहिल्यांदाच बोलली होती. "आपलं कुठं गेलं असंल?" असं माझ्या तोंडातून निघून गेलं. बाळ गेल्यापासून मी त्याच्याविषयी एक शब्द काढला नव्हता. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडू लागली. घाटावरचे लोक बघत होते. बघू दिलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तकं घरी आणली. ती म्हणाली, "आता तुमीच वाचा, मी ऐकते." मी अडखळत वाचायचो, तिला पाठ असल्यामुळं ती मध्येच शब्द सुधारायची. आई कुरकुरली, मग तीही दारात येऊन बसू लागली. पण नुसत्या पुस्तकांनी सगळं निभेल असं समजून मी बसलो नाही. परभणीत मनाच्या आजाराच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या.

याला आता वर्ष झालं. अजूनही मधूनच ती आठवडा आठवडा गप्प होते, आणि तेव्हा कॉलेजात माझं लक्ष लागत नाही. दुपारी काहीतरी निमित्त काढून घरी चक्कर मारून येतो. परवा स्वयंपाक तिनं केला होता. जेवताना तिनं विचारलं, "भाजीत मीठ कमी झालंय का?" झालं होतं. मी न्हाई म्हणालो आणि आणखी थोडी वाढून घेतली.