बर्फाच्या मुलखातलं सरकार

मस्कतच्या हमरिया भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बर्फ आणायची कल्पना माझीच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथल्या मराठी कुटुंबांच्या स्नेहसंमेलनात मुलांचं नाटक बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. खरं सांगायचं तर मीच ते ओढवून घेतलं होतं. उन्हात वाढलेल्या मुलांनी एकमुखानं बर्फ मागितला, म्हणून मी ध्रुवाजवळचा एक मुलूख रचला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं, आणि दूरच्या देशातून जहाजानं आलेलं सरकार. सरकार गोठलेल्या समुद्रावर कचेरी थाटतं, शिकारीला परवाना लावतं, आणि शेवटी बर्फ फुटतो तेव्हा गव्हर्नर अडाणी प्रजेला वाचवतो. हो, असंच लिहिलं होतं मी. पुण्याची हुशारी!

गव्हर्नर माझी लेक, दहा वर्षांची. तिचं मराठी अडखळत चालायचं, पण गव्हर्नर तरी कुठे त्या मुलखातला होता! प्रजेतली म्हातारी होती वरच्या मजल्यावरच्या भाभींची मुलगी, माझ्या लेकीच्याच वर्गातली.

भाभी रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. त्यांच्या नवऱ्याचं खाली कापडाचं दुकान होतं. आम्ही मस्कतला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझा नवरा कामासाठी दूरच्या सलाला शहरात गेलेला असताना लेकीला भर दुपारी तापात झटका आला. मी नुसती किंचाळत होते. भाभी अनवाणी खाली धावल्या, टॅक्सी थांबवली आणि इस्पितळात संध्याकाळपर्यंत माझा हात धरून बसल्या. तेव्हापासून या परक्या शहरात माझं माहेर म्हणजे वरचा मजला. नाटकासाठी कापूस लावलेले बारा कोटही त्याच शिवत होत्या.

एका शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये तालीम चालली होती. दोन्ही एसी लावूनही मुलं घामाघूम झाली होती. भाभी गळ्यात टेप अडकवून मापं घ्यायला आल्या, तेव्हा मी त्यांच्याच मुलीला सांगत होते, "अगं, इतकं शुद्ध नको. घरी बोलतेस ना, तसं बोल. म्हणजे जंगली वाटेल."

मुलं फिदीफिदी हसली. मीही हसले. भाभींनी दोन मापं घेतली, टेप गुंडाळली आणि चहा न घेताच वर गेल्या. कामाची घाई असेल, असं मला वाटलं. इतकी मी शहाणी.

पुढच्या तालमीला त्यांची मुलगी ताठ उभी राहिली आणि पुस्तकातला धडा वाचावा तशी वाक्यं म्हणू लागली. पार जीव गेला त्या म्हातारीचा.

"असं काय बोलतेस गं?" मी विचारलं.

"अम्मी म्हणाली, बाहेर चांगल्या मराठीतच बोलायचं."

'जंगली वाटेल' हे माझंच वाक्य मला आठवलं. पण माझा स्वभाव असा की चूक कळली की आधी राग येतो. घरी नवऱ्यापाशी तणतणले, "एवढ्यातेवढ्याचं काय मनाला लावून घ्यायचं?"

तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "सरकारचं असंच असतं. चूक आपली आणि चिडायचं प्रजेवर."

चार दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. या चार दिवसांत वरून ना हाक आली, ना वाटीभर कालवण. जिन्यात भेटल्या तर भाभी सलाम करून बाजूला व्हायच्या, एखाद्या अनोळखी बाईला करावा तसा. त्या सलामाची मला भीती वाटायला लागली. ही बाई गमावली तर मी या शहरात कुणाच्या दारात उभी राहणार होते? पाचव्या दिवशी मी वर गेले.

भाभी शिलाई मशीनवर होत्या. कोट शिवायचं काम मात्र त्यांनी थांबवलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"भाभी, माझं चुकलं," मी म्हटलं आणि दारातच रडायला लागले.

त्यांनी मशीन थांबवलं. "तुमच्या नाटकातली ती मानसां बर्फावर किती वर्सां राहतत?"

"शेकडो वर्षं."

"मग ती अडानी कशी? माज्या बापाला पान्याचा रंग बघून समजायचां, होडी काढायची का नाय. शाळेत नाय गेला कधी."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि सोबत आणलेला नाटकाचा कागद त्यांच्यापुढे धरला. "मग तुम्हीच सांगा, ती म्हातारी काय बोलेल?"

भाभींनी कोटाची बाही नीट करून बाजूला ठेवली. मग त्या सांगू लागल्या आणि मी लिहून घेऊ लागले. शेवट बदलला. आता सरकारला प्रजा वाचवणार होती.

संमेलनाच्या संध्याकाळी मी विंगेत उभी होते, शेजारी भाभी, तोंडात टाचण्या धरून. माझी लेक कचेरीच्या टेबलावर चढली, हात उंचावला आणि वाक्य विसरली. पार कोरी. तिचे डोळे भरून आले. मी पुढचा शब्द कुजबुजले, तिला ऐकूच गेला नाही. हॉलमध्ये खुर्च्यांची चुळबुळ सुरू झाली.

तेवढ्यात म्हातारी पुढे झाली. "उतर खाली," ती म्हणाली. "ह्यो बरफ खालून पोकल झालाय. मी पाय ठेवतंय तिथंच पाय ठेव." ही वाक्यं लिखाणात नव्हती. तिनं हात धरला आणि गव्हर्नरला एकेक पाऊल टाकत स्टेजभर चालवत नेलं. कुणी हसलं नाही. पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात, आणि भाभींनी तोंडातल्या टाचण्या काढून माझा दंड गच्च धरला.

परतताना टॅक्सीत आम्ही दोघी मागे, मांडीवर कोटांचे गठ्ठे, मधे दोन्ही पोरी. माझी लेक म्हणाली, "आई, मला पण ते तिच्यावालं मराठी शिकव ना."

"मला येत नाही, बाळा."

भाभी खिडकीकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "वर येत जा. आनि तुज्या आईला पन घेऊन ये. किती दिवस झाले, चहाला आली नाय."

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.