झाकणाच्या आतलं नाव

बेलार्मिनो मेस्त्रींनी एकदा मला सिनेमाच्या दारात अडवलं होतं. मी तेव्हा एकतीस वर्षांची, सेर्रा मियूदा या गावच्या नोंदणी कचेरीतली कारकून, मेस्त्रींच्या लग्नाचा दाखलासुद्धा माझ्याच कपाटात. तरी हात पुढे करून म्हणाले, "कागद?" दुसरी एखादी, आपण अजून अठराच्या आतल्या दिसतो म्हणून, खूश झाली असती. माझा पारा असा चढला की घरी जाऊन ओळखपत्र आणलं, त्यांच्या नाकासमोर धरलं आणि सिनेमा न बघताच परत आले.

ते सुतार. मुलांसाठीचा नवा कायदा आला तेव्हा न्यायालयाला बिनपगारी राखणदार हवे होते. गावातून हे एकटेच पुढे झाले. मोठ्यांचं म्हणून जे काही असतं ते पोरांच्या नजरेला पडू नये, एवढं त्यांचं काम. रविवारी सिनेमाचं दार, शनिवारी जिल्देमारचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान, आणि अधूनमधून बसस्थानकावरचा मासिकांचा ठेला. नको ती मासिकं बंद पाकिटात असायला हवीत आणि पाकिटातून काही दिसता कामा नये, म्हणून मेस्त्री एकेक पाकीट उन्हात धरून निरखायचे. ठेलेवाला ओरडायचा, "मेस्त्री, एवढं निरखून तर गिऱ्हाईकही बघत नाही हो!"

त्यांचा नियम एकच होता. तोंड बघायचं नाही, कागद बघायचा. मिशीवाल्या नवरदेवाला त्यांनी नव्या बायकोसकट परत पाठवलं होतं, कारण कार्ड घरी राहिलं होतं. मी एकदा चिडून विचारलं, "डोळे कशाला दिलेत देवाने?" तर म्हणाले, "बाई, तोंड बघून ठरवायला लागलो तर ओळखीचा आत आणि अनोळखी बाहेर. कागदाला मामा-मेव्हणा नसतो." हे मला पटलं होतं. माझी अर्धी नोकरी त्याच विश्वासावर चालली होती.

शहाण्णव सालच्या जूनमधला शनिवार. संत जॉनचा सण तोंडावर आला होता, रस्ताभर मक्याच्या खिरीचा वास. मी कॅसेट परत करायला जिल्देमारकडे गेले, तर मेस्त्री आधीच तिथे. दुकानाच्या मागे मण्यांचा पडदा लावलेली एक खोली होती. त्या खोलीतल्या कॅसेटी फक्त मोठ्यांना. तो पडदा सारून एक मुलगी बाहेर आली, हातात कॅसेटींची चळत, हनुवटीने दाबून धरलेली. कोपरं नुसती टोकदार.

"ही कोण?" मेस्त्री.

"नवी कामाला ठेवलीय. कॅसेटी उलट गुंडाळते, थोडी थोडी चालवून तपासते," जिल्देमार म्हणाला आणि कार्ड काउंटरवर आपटलं. "बघा. लिंदाल्वा. अठरा पूर्ण. तुमचाच नियम ना? तोंड नाही, कागद!"

मुलगी घाईघाईने म्हणाली, "मी बघत नाही, मेस्त्री. चित्राकडे पाठ करून बसते. नुसत्या आवाजावरून कळतं पट्टी चांगली आहे का."

मी जमिनीकडे बघत राहिले. त्या कार्डासाठी जन्मदाखल्याची नक्कल दोन महिन्यांपूर्वी मीच काढून दिली होती. ही पोरगी माझ्या टेबलासमोर उभी होती आणि मी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं.

मेस्त्रींनी चष्मा लावला. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं: ओनोफ्रे, बाइशा फुंदा वस्तीच्या वीटभट्टीवरचा. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. कार्ड हळूच ठेवून ते निघून गेले. जिल्देमार मागून म्हणाला, "सापडलं नाही काही, म्हणून तोंड पडलं बिचाऱ्याचं."

सोमवारी कचेरी उघडायच्या आधीच मेस्त्री पायरीवर बसलेले होते.

"बाई, लिंदाल्वा मेलीय."

"अहो, परवाच तर बघितलीत तिला!"

"ती दुसरी. लिंदाल्वाची पेटी मी केली होती. सोळा वर्षं झाली. दीड वर्षाची होती."

आमच्याकडे तान्ह्या लेकरांना निळ्या पेटीत पुरतात. मेस्त्री प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून त्या लेकराचं नाव रंगवायचे, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेरून नाही, आतून. तिथे गेल्यावर आपण कोण हे पोराला सापडावं म्हणून. लिंदाल्वाचं झाकण एवढं लहान होतं की नाव एका ओळीत बसेना. उरलेली अक्षरं खाली घ्यावी लागली, म्हणून लक्षात राहिलं.

बाकीचं निम्मं माझं मलाच कळलं, निम्मं मेस्त्री तिच्या मावशीला विचारून आले होते. भट्टीपासून कचेरी एका दिवसाच्या चालीवर. मेलेल्या लेकराची नोंद करायला कोण येतं? दाखला पत्र्याच्या डब्यात राहिला. दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली, ओनोफ्रेने तोच कागद तिच्या नावावर चालवला. घरी तिला झीता म्हणायचे. आई गेल्यावर ती गावात मावशीकडे राहायला आली, आणि कागदावर अठरा म्हणून जिल्देमारच्या पडद्यामागे बसली. होती चौदाची.

मी वही काढून बघितली. जन्म होता, मृत्यू नव्हता. "मेस्त्री, कायद्याच्या लेखी लिंदाल्वा जिवंत आहे. ती मेल्याचं कुणीतरी शपथेवर सांगितल्याशिवाय ही चौदाची व्हायची नाही. आई राहिली नाही, तेव्हाचे पाद्री नाहीत. बाप सांगेल तर स्वतःच्याच गळ्यात फास. कुणी बघितलं होतं तिला?"

"मी. माप मीच घेतलं होतं."

"आणि ओनोफ्रेला तुरुंग झाला तर?"

"असल्या कितीतरी पेट्या केल्या, बाई. एकाही बापाला म्हटलं नाही, जा, नोंद करून ये. आता त्याच्या एकट्याच्या माथी कसं मारू? न्यायाधीशबाईंना तेही सांगतो."

खरंच सांगितलं. ओनोफ्रे कोर्टात टोपी चुरगळत उभा होता. "कागदावरच्या नावाने हाक मारली की मोठी आठवायची, म्हणून झीता," एवढंच तो म्हणाला. मी तोंड फिरवलं. न्यायाधीशबाईंनी त्याला झाप झाप झापलं, तुरुंगात घातलं नाही. वर्षभर दर महिन्याला चालत येऊन सही करायला लावली. जिल्देमारच्या दुकानाला टाळं ठोकलं.

झीता मात्र आमच्यावर जाम भडकली. माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाली, "माझं काम गेलं, चार वर्षं गेली, आता पुन्हा शाळेत! तुम्हा म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही का?" त्या दिवशी मी एकाच शाईने दोन नोंदी केल्या, एक मृत्यूची आणि एक जन्माची. या वेळी मात्र लिहायच्या आधी मी तिच्याकडे नीट बघितलं. कॅसेटी दाबून धरायची ती हनुवटी अजून लहान पोराचीच होती.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी मी सिनेमाच्या रांगेत होते. फलकावर मोठा अठराचा आकडा. माझ्या पुढे झीता. मला वाटलं, झालं, आता भांडण.

तिने नवं कार्ड पुढे केलं. मेस्त्रींनी चष्मा लावून सगळं वाचलं: नाव, बाप, आई, तारीख. ओळखीचं माणूस असल्याचा चेहऱ्यावर मागमूस नाही.

"चौदा. जमायचं नाही."

रांगेत कुणीतरी हसलं.

"माहीत होतं," झीता म्हणाली.

"मग आलीस कशाला?"

"तुम्ही नाही म्हणता का, ते ऐकायला. मला कुणी कधी 'नाही' म्हटलंच नव्हतं."

मेस्त्रींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. कार्ड तिच्या हातात ठेवलं आणि रांगेकडे बघून नेहमीच्याच खडूस आवाजात म्हणाले, "पुढचे कोण? कागद?"

पुढची मीच होते. ओळखपत्र घरी राहिलं होतं. मी मुकाट्याने रांगेतून बाहेर पडले आणि झीताबरोबर चालत घरी गेले.