हवालदारांची गादी

या हवालदारांचा पोलीसखात्याशी काडीचाही संबंध नव्हता. टायरच्या दुकानात वीस वर्षं हवा भरली, म्हणून मालकाने गमतीत नाव ठेवलं ‘हवालदार’, आणि ते असं चिकटलं की खरं नाव दवाखान्याच्या कागदांपुरतं उरलं. अंगठ्याने टायर दाबून आत हवा किती, हे ते सांगायचे. कोणी मीटर लावून खात्री करायला गेलं की म्हणायचे, “बघा बघा, तुमचा मीटर बरोबर आहे का तेही कळेल.” टायर कुठे झिजलाय ते पाहून गाडीची अख्खी कुंडली मांडायचे.

दीड वर्षापूर्वी माळ्यावरून टायर काढताना शिडी सरकली. पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालची हालचाल गेली, तशी जाणीवही गेली.

चालता येत नाही, ते सगळ्यांना दिसतं. जाणीव नाही, याचा अर्थ काय, हे त्यांच्या बायकोला दवाखान्यातच कळलं. आपण बसल्या जागी सारखी चुळबुळ करतो, कारण बूड अवघडतं. हवालदारांना अवघडल्याचं कळतच नव्हतं. हाडाखाली कातडी चेपत राहते, तिथलं रक्त थांबतं आणि आतून मांस मरतं. पहिली जखम माकडहाडावर झाली. ती भरायला पाच महिने लागले. पाच महिने माणूस कुशीवर, नाहीतर पालथा. त्या जखमेचा वास बायकोच्या नाकातून अजून गेला नव्हता. रोज देवापुढे हात जोडले की पहिलं मागणं तेच असायचं: पुन्हा नको.

म्हणून पुनर्वसन केंद्रातून हवेची गादी मिळाली, तेव्हा तिने ती डोक्याला लावली. व्हीलचेअरवर ठेवायची, काळ्या रबराची, ओळीने फुगेच फुगे. केंद्रातल्या थेरपिस्टताईंनी तिला शिकवलं. हवालदारांना वर बसवायचं, हात सपाट करून खाली सरकवायचा, बसायचं हाड चाचपायचं, आणि हाड नि गादीचा तळ यांच्यात बोटभर जागा राहील इतकीच हवा ठेवायची. दर अर्ध्या तासाने मोबाइल वाजला की पुढे वाकून भार काढायचा. हे झाल्यावर मालकांनी निरोप धाडला, “ये. बसून ट्यूब जोड, गिऱ्हाइकांना टायर बघून सांग.”

कामाला लागल्यापासून हवालदार सकाळी दाढी करताना शीळ घालू लागले. आणि रोज निघताना हातपंपाने गादीत चार दाब जास्त मारू लागले.

“अहो, ताईंनी बोटभर सांगितलंय.”

“अगं, ही पिळपिळीत गादी घेऊन बसलो तर खाली टेकणार नाही का? हवेचं तू मला शिकवू नकोस. तू भाजीत मीठ किती ते बघ.”

तिने पंप उचलून जागेवर ठेवला. शीळ ऐकायला बरं वाटत होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी आंघोळ घालताना उजव्या बाजूला, बसायच्या हाडावर, तिला डाग दिसला. रुपयाएवढा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळपट. तिने बोटाने दाबून पाहिलं, रंग हलला नाही. हाताची मागची बाजू लावली. गरम. डावीकडे लावली. गार. तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

“काय झालं?”

“डाग आहे. गरम लागतोय.”

हवालदार म्हणाले, “शिवण टोचली असेल पँटची. आज जाऊ दे. दोन ट्रकचे टायर यायचेत, मालक वाट बघतील. संध्याकाळी बघू.”

“संध्याकाळपर्यंत तुम्ही त्यावरच बसणार.”

“मग काय डोक्यावर बसू? अगं, पुन्हा सुट्टी मागितली तर मालक काय म्हणतील? दीड वर्ष जागा ठेवली त्यांनी. आता नाही ठेवणार.” आवाज खाली आला. “कोणाला बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला.”

आजवर तिने शपथ मोडली नव्हती. तिने देवाकडे पाहिलं, मनात म्हणाली, हे पाप माझ्या खात्यावर, आणि ताईंना फोन लावला.

शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर हवालदारांना कुशीवर निजवून नेलं. वाटभर त्यांनी तोंड सीटच्या पाठीकडे वळवून ठेवलं.

ताईंनी डाग पाहिला, दाबला, हात लावला. “कातडी फुटलेली नाही. पण आत काय झालंय ते आज नाही कळणार. दोन-तीन दिवसांत वर येईल, नाहीतर जिरेल. दोनच मिनिटं खुर्चीवर घेते, गादी तपासायचीय.”

गादीवर त्यांनी पातळ चटई अंथरली. तिच्या आत दाब मोजणारे सेन्सर होते, वायर संगणकाला जोडलेली. हवालदारांना वर बसवलं आणि पडद्यावर त्यांच्या बुडाचं चित्र उमटलं. कडेला निळं, मग हिरवं, आणि मधोमध दोन लालभडक ठिपके. उजवा मोठा.

ताई तोंड उघडणार, इतक्यात हवालदारांनी हात वर केला. मान पुढे काढून ते पडद्याकडे टक लावून पाहत राहिले. दुकानात टायरकडे पाहायचे, तसेच.

“कडा कोऱ्या,” ते हळूच म्हणाले. “मधेच झिजलाय.”

“काय दादा?”

“हवा जास्त झाली की टायर कडेने टेकतच नाही, ताई. सगळा भार मधल्या पट्ट्यावर. शेंबडं पोरही सांगेल. मीच भरली. ही नको म्हणत होती.”

ताईंनी गादीचा व्हॉल्व्ह सैल केला. हवा सुटायला लागली तशी माणूस गादीत रुतत गेला, आणि पडद्यावर हिरवं पसरत, लाल पिवळं होत गेलं. बायकोने हात खाली घालून बोटभर जागा राहिल्याचं पाहिलं, तेव्हा ताईंनी व्हॉल्व्ह बंद केला. हवालदारांची नजर पडद्यावरून ढळली नाही.

“गादीचं झालं,” ताई म्हणाल्या. “डागाचं अजून राहिलंय. तीन दिवस बसायचं नाही. अजिबात.”

मालकांना बायकोनेच कळवलं. पलीकडून नुसतं “बरं” आलं. त्या “बरं”चा अर्थ लावत तिने तीन दिवस काढले. हवालदार पालथे पडून भिंतीकडे पाहत. दोन-दोन तासांनी ती त्यांची कूस बदलायची आणि डाग बघायची. दुसऱ्या दिवशी तो जांभळट झाला, बोटाला टणक लागला. त्या दिवशी देवापुढे तिला शब्दच सापडेनात, नुसती उभी राहिली.

“काय दिसतंय?” ते विचारत.

“आहे तसाच.”

“खोटं बोलतेस.”

“हो.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने हात लावला आणि गोंधळली. आत्ताच गरम पाण्यात भांडी घासली होती, हाताचा काय भरवसा? नळाखाली हात गार केला, पुसला, थोडं थांबली. आधी डावीकडे लावला, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. रंग फिकट झाला होता, कडा आत आल्या होत्या. टणकपणा गेला होता. दोन्हीकडे ऊब सारखीच होती.

“बोल की,” हवालदार उशीत तोंड खुपसून म्हणाले.

“जिरतोय.”

“देवाशप्पथ?”

“देवाशप्पथ.”

त्यांची पाठ थरथरली. तिने वर चादर ओढली आणि तिथेच बसली. मग उशीतून आवाज आला, “मालकांना फोन लाव.”

“सोमवारी येतो म्हणून सांगू?”

“नको. अजून एक आठवडा म्हणावं.” मग मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “नाही, तू नको. दे इकडे. मीच सांगतो.”

तिने नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.