माझ्या बोथट हाताची समाजसेवा

पाटील टेबलावर पालथे झोपले होते, धोतर सैल केलेलं होतं, आणि अशा अवस्थेत ते मला धर्म शिकवत होते.

“डॉक्टरसाहेब, सुई तुमी द्या. या बाईच्या हातची नको.”

“काहून?”

“काहून म्हंजे? हेबी सांगा लागते का तुमाले?”

सांगायची गरज नव्हती. छप्पनच्या धर्मांतराला दोन-तीन वर्षं झाली होती. सिस्टर तायडे बौद्ध घरातली, नागपूरला नर्सिंग शिकून अकोल्याच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात नुकतीच लागलेली. भरलेली सिरिंज हातात धरून ती माझ्याकडे बघत होती.

मी अमरावतीचा, शिकलेला, सुधारक विचारांचा माणूस. मी काय केलं? सिरिंज तिच्या हातातून घेतली आणि पाटलांना स्वतःच टोचली. म्हटलं, आजारी माणसाशी वाद कशाला!

पाटलांनी ही हकीकत बाळापूरपर्यंत पोचवली. आठवडाभरात इंजेक्शन रूमची अर्धी रांग माझ्या दाराशी आली. मग संस्थेच्या सेक्रेटरींनी, दादासाहेबांनी, बोलावलं.

“डॉक्टर, त्या तायडे सिस्टरला प्रोबेशन संपलं की मोकळी करू.” प्रोबेशन म्हणजे नोकरीतली पारख. पास झालात तर कायम, नाहीतर घरी.

“तिचं काम उत्तम आहे, दादासाहेब.”

“असेल हो. पण लोक तिच्याकडे जातात कुठे?”

“मी जाऊ देत नाही म्हणून,” हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी चहाबरोबर गिळलं. तायडेच्या पगारावर तिचं घर चालत होतं. वडिलांचं गिरणीतलं काम सुटलेलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि चहा चांगला होता.

यातून मार्ग काढला तो माझ्या हातानं. डोक्याचा त्यात काही संबंध नाही.

त्या काळी सिरिंज काचेची. सुई उकळायची आणि पुन्हा वापरायची, बोथट झाली की दगडावर घासायची. पेनिसिलीन खोल स्नायूत द्यावं लागे. त्याची रीत अशी, की सुई झटकन घालावी आणि औषध सावकाश सोडावं. मी घाबरून नेमकं उलटं करत असे. ‘हा डॉक्टर सुई नाही देत, खुटा ठोकते,’ असं लोक म्हणत. हे मला फार उशिरा कळलं.

पाटलांचा कोर्स मोठा होता. आठ-दहा सुयांनंतर ते लंगडत आले ते थेट इंजेक्शन रूममध्ये.

“बाई, तुमीच द्या आता. हा डॉक्टर कोन्या जन्माचा दावा काढून राहिला, बाप्पा! मले बसता येत नाही.”

“माझ्या हातची चालते का?” सिस्टरनं विचारलं.

“चालते म्हनलं ना! द्या लवकर.”

थोड्या वेळानं पाटील म्हणाले, “द्या ना बाई.”

“दिली. उठा आता.”

पाटलांमागोमाग सगळी रांग तिकडे सरकली. मी फुगलो. संध्याकाळी सिस्टरला म्हणालो, “बघा, कसं जमवलं मी!”

ती सिरिंज धूत होती. “सर, उद्या तुमचा हात सुधारला तर?”

मी हसलो. ती हसली नाही.

“नाहीतर तुमच्या जागी हलक्या हाताचा डॉक्टर आला तर? हे सारे परत त्याच्या दारात. तुमच्या वाईट हातावर माझी नोकरी किती दिवस टिकायची? त्या दिवशी पाटलांना तुम्ही ‘नाही’ म्हणाले असते, तर एवढं झालंच नसतं.”

दुसऱ्या दिवशी मी दादासाहेबांकडे गेलो. या खेपेला चहा घेतला नाही.

“ऑर्डर काढा. ड्युटीवर जी सिस्टर असेल तीच सुई देईल. पेशंटची पसंती चालणार नाही. आणि तायडेला कायम करा.”

“लोक चिडतील, डॉक्टर.”

“चिडू द्या. लोक तिच्याकडे जात नव्हते, कारण मी त्यांना दुसरं दार उघडून दिलं होतं. ते मी आजपासून बंद केलं. तिला काढणार असाल, तर माझाही राजीनामा घ्या.”

दादासाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग सही केली.

ऑर्डरनंतर एक सावकारीणबाई तापानं फणफणत आल्या. तायडेला पाहून म्हणाल्या, “दुसरी नर्स नाही का?”

“आहे ना, बाई. तिची ड्युटी उद्या सकाळी आहे. बसता का तोवर?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाई टेबलावर चढल्या.

एक-दोन घरं चिडून दुसऱ्या डॉक्टरकडे गेली, ती गेलीच. दवाखाना बंद पडला नाही. तायडे पुढे तिथेच हेड सिस्टर झाली. लोकांची मनं बदलली का, ते मी कधी तपासलं नाही. त्याचं इंजेक्शन निघालेलं नाही. नियम मात्र बदलता येतो, आणि त्यासाठी डॉक्टरचा हात चांगला असावा लागत नाही.