चिंचेच्या पाण्यातलं रिव्हॉल्व्हर

रिव्हॉल्व्हर चिंचेच्या पाण्यात भिजत घालू नये. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहून ठेवतो आहे.

रिटायर झाल्यावर माणसाने शांत बसावं, असं सगळे म्हणतात. मला बसवत नाही. इथे परदेशात, मिल्टन गावातल्या घरात मी सहा महिन्यांत सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, बेसमेंटमधले स्क्रू लांबीप्रमाणे लावले आणि सुनंदाचे मसाल्याचे डबे इंग्रजी अक्षरक्रमाने लावले, तेव्हा तिने हात जोडले. "अहो, घराबाहेरचा काहीतरी नाद लावून घ्या!" म्हणून मी नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागलो.

तिथे वॉल्टर भेटला. वय ऐंशीच्या पुढे, बोलणं मोजकं. त्याच्याकडे आजोबांची दोन रिव्हॉल्व्हरं होती. दोन्ही १८९८ च्या आधीची, म्हणजे इथल्या कायद्याने 'अँटिक', त्यामुळे लायसन्सची भानगड नाही. त्याच्या मुलांना त्यांत रस नव्हता. एकदा तो मला म्हणाला, "दोन्ही घरी ने. जास्त जुनं कोणतं आणि टार्गेटसाठी कोणतं घ्यावं, ते रविवारी कारणांसकट सांग. बरोबर निवडलंस तर ते तुझं."

चाळीस वर्षं इंजिनियर असलेल्या माणसाची परीक्षा! आणि ते रिव्हॉल्व्हर मला हवंच होतं, अगदी लहान मुलासारखं हवं होतं. दोन्ही रिकामी असल्याची चारदा खात्री करून मी ती कुलूपबंद पेटीत घातली आणि ऐंशीच्या रस्त्यावर पन्नासने गाडी चालवत घरी आणली. (मागच्यांनी हॉर्न वाजवून माझा सत्कार केला.)

शनिवारी सकाळी बेसमेंटमध्ये तपासणी सुरू झाली. पहिलं चकचकीत, देखणं; पण घोडा ओढला की त्याचं चक्र डुगडुगायचं आणि गोळीचं घर नळीसमोर नेमकं येतच नव्हतं. बाद! दुसरं काळंकुट्ट, पण चक्र जागच्या जागी घट्ट आणि नळीच्या आतले पीळ स्वच्छ. निवड झाली! आता फक्त वय. ते कळतं नंबरवरून. मुठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या, तर खाली चार आकड्यांतले दोनच दिसत होते. बाकीच्या दोनांवर काळा थर.

त्या दोन आकड्यांनी मला जेवू दिलं नाही. दुपारी मी सुनंदाचं इडलीच्या पिठाचं पातेलं घेतलं, त्यात चिंच कोळली, मूठभर मीठ टाकलं.

"अहो, त्या वॉल्टरना विचारा तरी आधी!"

"विचारायचं काय? देवाची तांब्याची भांडी काळी पडली की तू काय करतेस?"

"देवाच्या भांड्यांतून गोळी सुटत नाही!"

मी मुठीकडची बाजू बुडवली. पाच मिनिटांत पाणी शाईसारखं झालं. मी ओरडलो, "बघ! शंभर वर्षांचा मळ!"

एवढ्यात मार्कहॅमहून केतकीचा, म्हणजे आमच्या मुलीचा, व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, इज दॅट अ गन? इन आईज इडली पॉट?"

"अगं, साफ करतोय. वरचा काळा मळ..."

ती फोनवर काहीतरी शोधू लागली. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, इट सेज नेव्हर यूज ॲसिड. द ब्लॅक इज नॉट डर्ट. दॅट्स द ओरिजिनल फिनिश."

म्हणजे तो मळ नव्हता, मूळचा मुलामा होता! रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. नळी काळी, मूठ पांढरीफटक! वॉल्टरच्या आजोबांची एवढी जुनी आठवण मी अर्धी धुऊन काढली होती.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी विचार केला, निदान सगळं सारखं तरी दिसू दे, आणि उरलेलं अर्धंही बुडवलं.

"काय केलंत हे!" सुनंदाने कपाळावर हात मारला.

आता ते नव्या वाटीसारखं चमकत होतं. दहा मिनिटं. मग त्यावर नारिंगी गंज चढू लागला! मी खायचा सोडा चोळला, सुनंदाने न सांगता खोबरेल आणलं, मी तिचा हेअर ड्रायर लावला. गरम खोबरेलाचा वास घरभर पसरला आणि दाराची बेल वाजली.

दारात वॉल्टर. "ग्रोसरीला चाललो होतो. रविवारपर्यंत राहवेना. कोणतं निवडलंस?" (हे सगळं तो इंग्रजीत बोलला. त्या क्षणी मला कुठलीच भाषा येत नव्हती.)

मी ते त्याच्या हातात ठेवलं आणि खरं ते सगळं सांगून टाकलं. लाज एवढी वाटली, की त्याच्याकडे बघवेना. सुनंदाने चहा ठेवला, तो त्याने उचलला नाही. शेवटी चष्मा कपाळावर चढवून त्याने नंबर वाचला. चारही आकडे स्वच्छ दिसत होते.

"हेच जास्त जुनं," तो म्हणाला. "का निवडलंस?"

"चक्र घट्ट आहे. नळी चांगली आहे. दिसायला वाईट होतं, पण नेम याचाच लागेल."

"आजोबाही हेच म्हणायचे." त्याने ते परत माझ्या हातात दिलं. "आता हे कुणी काचेच्या कपाटात ठेवणार नाही. तूच यातून गोळ्या झाड." मग दुसरं रिव्हॉल्व्हर मात्र त्याने घाईघाईने पेटीत घातलं, कुलूप लावलं आणि चहा न पिताच निघाला. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

रविवारी क्लबात स्पर्धा होती. तिथल्या जाणकाराने ते आधी तपासून पास केलं. जुन्या पद्धतीची हलकी काडतुसं घालून मी सहा गोळ्या झाडल्या. वॉल्टरने दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं.

"निवड अचूक आहे," तो म्हणाला. "रिव्हॉल्व्हरमध्ये काहीही दोष नाही."

माझ्या सहाही गोळ्या शेजारच्या स्पर्धकाच्या टार्गेटवर होत्या. तो शेजारी त्या दिवशी क्लबात पहिला आला.