इंटरव्हलनंतरचा केरू

कुपवाडच्या एमआयडीसीत, तात्याबाच्या चहाच्या टपरीवर, दर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता नव्या पिक्चरचा निकाल लागायचा. निकाल देणारा एकच, अर्जुना लेथवाला. सेकंड शिफ्टची चहाची सुट्टी वीस मिनिटांची. तेवढ्यात हा पठ्ठ्या हिरोला प्रेमात पाडून, तुरुंगात टाकून, सोडवून आणायचा आणि चहाही गार होऊ द्यायचा नाही. "हिरवीन बरी हाय, पर रडताना नाक पुसत न्हाई," असलं काहीबाही तो इतक्या ठामपणे सांगायचा, की माणसं रविवारी थेटरात जाऊन आधी हिरवीनीचं नाक बघायची.

आता खरं सांगायचं तर गेल्या सहा वर्षांत अर्जुनानं एकाही पिक्चरचा इंटरव्हलनंतरचा भाग बघितला नव्हता. बघणार कसा? सांगलीत शो साडेबाराला. इंटरव्हल दोनच्या सुमाराला. तीनला शिफ्ट. मोटरसायकल एका किकला सुरू झाली तर कुपवाड वीस मिनिटं, नाही झाली तर देवाच्या हातात. म्हणून इंटरव्हलला लोक समोसे आणायला उठले की अर्जुना गाडी काढायला उठायचा. उरलेला पिक्चर तो वाटेत मनानंच जुळवायचा. त्याचे काही नेम ठरलेले होते. इंटरव्हलच्या आधी हिरोची बहीण जास्त खिदळली, की तिचं काही खरं नाही. पांढऱ्या कपड्यातला मामा गोड बोलला, की तोच चोर. आणि सांगायला लाज वाटते, पण दहातल्या आठ वेळा ते बरोबर निघायचं. आपले पिक्चरवाले तरी काय, तेच ते दळण दळतात मेले.

उरलेल्या दोन वेळांना जयराज आडवा यायचा. जयराज सीएनसी मशिनवरचा तरुण गडी, पिक्चर बघायच्या आधी त्याला किती चांदण्या मिळाल्या ते मोबाइलवर मोजणारा.

"अर्जुनादादा, तुमी म्हणला मामा चोर हाय. मामा तर शेवटाला हिरोला किडनी देतो की!"

"आरं, पर का देतो? पाप खातंय त्याला आतनं! तू नुसता बघितलास गड्या. मी समजून घेतला."

टपरी खदखदून हसायची आणि जयराज अर्जुनाचा राग भज्यावर काढायचा. साडेबाराला सुरू झालेला पिक्चर पुरा बघून हा माणूस पावणेतीनला गेटवर कसा हजर असतो, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. थाप रंगात आली की घड्याळाकडं कोण बघतंय?

आता केरूचं ऐका. केरू अर्जुनाच्या शेजारच्या ड्रिलिंग मशिनवर. दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, त्यातले चार "व्हय" आणि तीन "न्हाई". गेल्या हिवाळ्यात तो मेव्हण्याकडं पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या तोडणीला गेला होता, तर तिथं घाटात शूटिंग चाललेलं. टोपली घेऊन उभा राहणारा एक माणूस त्यांना पाहिजे होता. केरूच्या डोक्यावर टोपली होतीच. पिक्चरचं नाव 'पसरणीचा फौजदार'. चोरांची गाडी पळून जाते, फौजदार जीप थांबवून विचारतो, "गाडी कुठं गेली?" आणि केरू हात वर करून म्हणतो, "सायेब, गाडी वर गेली."

एवढंच. चार शब्द. पण त्या चार शब्दांनी केरूचं घर ढवळून काढलं. तो मशिनवर भोक पाडताना म्हणायचा, आंघोळ करताना म्हणायचा, झोपेतसुद्धा म्हणायचा. त्याची आई, बाळाबाई, हिनं तर बातमी सांगलीपासून साताऱ्यापर्यंतच्या पाव्हण्यांत पोचवली. "आमचा केरू बोलला म्हणून चोर घावला, न्हाई तर फौजदार बसला असता बोंबलत," असं तिचं म्हणणं.

पिक्चर लागायच्या आदल्या दिवशी केरू अर्जुनाकडं आला आणि त्या दिवशी त्यानं दहाचे वीस शब्द केले.

"अर्जुना, माझी छाती हुईना झालीय. तू बघून ये आधी. चांगलं झालं असंल तरच आयला नेतो. माझा सीन शेवटाकडं हाय. पुरा बघ रं एवढा."

"आरं, मी कवा अर्धा बघतो व्हय?" अर्जुना म्हणाला. केरूनं एकदा घड्याळाकडं बघितलं आणि तो निघून गेला.

शुक्रवार उजाडला. इंटरव्हल झाला. अर्जुना थेटराच्या दारात आला आणि थबकला. महिन्यात दोन लेटमार्क झालेले, तिसऱ्याला अर्धा दिवस जाणार. एक पाय आत, एक पाय बाहेर. लोक समोसे घेऊन आत चाललेले, त्याला ढकलत. जावं का थांबावं? शेवटी त्यानं मनाची समजूत घातली, चार शब्द तर हायत, त्यात चुकायचं काय! आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळी टपरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. फर्स्ट शिफ्टचे लोकही घरी न जाता थांबलेले. केरू बाकड्याच्या टोकाला, हातात तेलकट कापसाचा बोळा.

अर्जुनानं चहाचा घोट घेतला. "पिक्चर ठीकठाक. पर इंटरव्हलनंतर, गड्यांनो, घाटात एक माणूस दिसतो. डोक्यावर टोपली. क्यामेरा आधी त्याच्या पायांवर, मग हळूहळू वर... आपला केरू! फौजदार इचारतो. केरू लगीच बोलत न्हाई. आधी बघतो. असं! मग म्हणतो, सायेब, गाडी वर गेली. आरं, शिट्ट्या! माझ्या म्होरचा माणूस उभाच ऱ्हायला!"

इथं थांबला असता तरी भागलं असतं. पण थाप आणि उतारावरची सायकल, दोन्हीला ब्रेक लवकर लागत नाही. अर्जुनानं पुढं चोराला परत खाली आणला आणि केरूनं टोपली खाली ठेवून त्याच्या मुस्काटात मारली. टपरीनं टाळ्या वाजवल्या. केरूनं कापसाच्या बोळ्यानंच डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं.

"मुस्काटात तर मी मारली नव्हती," तो हळूच म्हणाला.

"एडिटिंगला घातली असंल," अर्जुनानं सांगितलं.

झालं! रविवारी केरूनं आईला थेटरात नेलं. बाळाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवड्यापूर्वीच झालेलं, डोळ्यांवर हा एवढा काळा चष्मा. "डाक्टरनं पडद्याकडं बघू नगं म्हणलंय, ऐकू नगं न्हाई म्हणला," तिनं ठणकावलं. "अर्जुना, तू माझ्यापाशी बस. तू बघितलायस. मला सांगत ऱ्हा." एका बाजूला केरू, दुसऱ्या बाजूला अर्जुना, मागच्या रांगेत जयराज.

इंटरव्हल झाला आणि अर्जुना सवयीनं उठला. केरूनं त्याचा शर्ट धरून खाली बसवला.

सहा वर्षांत पहिल्यांदा तो इंटरव्हलनंतर थेटरात बसला होता. घाट आला. चोरांची गाडी भुर्रकन गेली. फौजदाराची जीप थांबली. फौजदारानं खिशातून मोबाइल काढला, नकाशा बघितला, आणि जीप निघून गेली. टोपली नाही, केरू नाही. एक बोटसुद्धा नाही. आणि लगेच गाणं सुरू झालं.

"आला का रं केरू?" बाळाबाईनं विचारलं.

केरू पुतळ्यागत बसलेला. पण म्हातारी कान टवकारून बसलेली.

"आला मावशी. टोपली घिऊन उभा हाय."

"मग ह्यो नाच-गाण्याचा कालवा कसला?"

"ते... केरूला बघून गावकऱ्यास्नी आनंद झालाय."

पुढचा माणूस मागं वळला. "ओ, कुठला केरू? पडद्यावर हिरवीन हाय!"

"तुमी तुमचा पिक्चर बघा," बाळाबाई कडाडली, "आमाला आमचा बघू द्या!"

"केरू म्हणाला, सायेब, गाडी वर गेली," अर्जुना घाम पुसत म्हणाला. "आता चोर खाली आला. केरूनं टोपली ठेवली. आणि ही हाणली!" नेमकं त्याच वेळी पडद्यावर हिरवीन हिरोला फूल मारत होती, आणि थेटरात हसू फुटलं. अर्जुनाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला खुर्चीसकट पोटात घ्यावं.

बाहेर आल्यावर जयराज थट्टा न करताच पार्किंगकडं गेला. केरूनं अर्जुनाला बाजूला घेतलं.

"शुक्रवारी कुठवर बघितलास?"

अर्जुनाची मान खाली गेली. "इंटरव्हलपर्यंत."

"ते मला ठावं हाय. सा वर्सं मी गेटवर तुझ्या मागंच कार्ड पंच करतोय. मला घड्याळ कळतंय." केरूनं आईकडं एकदा बघितलं. "पर मला वाटलं, माझ्यासाठी तू एक दिवस थांबशील."

लाखाचा माणूस क्षणात कवडीचा होतो म्हणतात, तसं अर्जुनाचं झालं. त्याला रडू आलं. चाळिशीचा बाप्या, थेटराच्या भिंतीला तोंड करून मुळूमुळू रडला. चूक झाली गड्या, एवढंच तो म्हणत राहिला.

"काय लावलंय रं दोघांनी?" बाळाबाई मागून आली. "केरूचा आवाज मला वळकत न्हाई व्हय? वरीसभर घरात त्योच आवाज ऐकतीया. तिथं कोण बी बोललं न्हाई. कळलं मला तवाच." मग अर्जुनाच्या पाठीत एक धपाटा घातला. "पर अर्जुना, तुझा केरू ब्येस हुता बग. त्यो मुस्काटात मारतो, ते घरला गेल्यावर पुन्यांदा सांग."

केरू हसला नाही. पण जाताना त्यानं अर्जुनाच्या गाडीला किक मारून दिली.

पुढच्या शुक्रवारी टपरी भरली. नवा पिक्चर राजामहाराजांचा होता. अर्जुनानं इंटरव्हलपर्यंत सांगितलं आणि ग्लास खाली ठेवला.

"फुडं?" जयराज म्हणाला.

"फुडं मी बघितलं न्हाई. इंटरव्हललाच उठून आलो. सा वर्सं तसंच उठून येतोय. काय बोलायचं ते बोला."

तात्याबाचा चहा उतू गेला. कुणी शिवी देत नव्हतं, उठत नव्हतं. माणसं अशी बसलेली, जणू पिक्चर ऐन रंगात असताना लाईट गेलीय. अर्जुनाला वाटलं, आता आपलं टपरीवरचं अन्नपाणी संपलं.

तेवढ्यात बाकड्याच्या टोकावरून आवाज आला. "बघितल्यालं कोण बी सांगतंय," केरू म्हणाला. "तू सांग फुडं."

अर्जुनानं त्याच्याकडं बघितलं. मग घसा साफ केला.

"तर इंटरव्हलनंतर घाट येतो. घाटात एक माणूस उभा. डोक्यावर टोपली."

"आरं व्हय!" कुणीतरी मांडीवर थाप मारली.

"राजा घोडा थांबवतो आणि इचारतो..."

"थांबा, थांबा!" जयराज ओरडला. "पिक्चर तीनशे वर्सांमागचा हाय अर्जुनादादा! त्या काळात गाडी कुठली?"

अर्जुना अडकला. सगळी टपरी त्याच्या तोंडाकडं बघायला लागली.

केरू उठला. त्यानं तात्याबाची भज्यांची रिकामी पाटी उचलून डोक्यावर ठेवली. लगेच बोलला नाही. आधी बघितलं. असं! मग हात वर केला.

"म्हाराज," केरू म्हणाला, "रथ वर गेला."