बुजवलेलं बावखल

आज नळ आला नाही, म्हणून नातीने विहिरीच्या पाण्याचा चहा केला. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करून म्हणाली, "आजी, साखरेच्या डब्यात मीठ भरलंस?"

त्या खारट चवीने मला वटारच्या ह्या वाडीतलं आमचं बावखल आठवलं. पावसाचं पाणी मुरवून विहीर गोड ठेवणाऱ्या त्या तळ्याला मी, नवी नवरी असताना, डासांचं घर म्हणायचे. मोठी शहाणी ना! दिराच्या लग्नाच्या मांडवाला जागा हवी, म्हणून हट्टाने डबर टाकून बुजवायला लावलं.

सासरे काठावरून म्हणाले, "बाय, आता विहिरीला पानी कोन देनार?"

"विहिरीत पाणी असतंच की, बाबा!" मी हसले, आणि मांडवात मनसोक्त नाचले.

अजूनही पाऊस लागला की पाणी अंगणात येतं, मांडवाच्या जागी घुटमळतं आणि रस्त्यावरून समुद्राकडे निघून जातं. मी खिडकीशी उभी असते. दरवेळी वाटतं, ते मलाच शोधतंय.